पोतोसीची कानटोपी

मी एक कानटोपी बोलतेय. लोकरीला तोंड नसतं, हे मलाही ठाऊक आहे. पण ज्या मुलीच्या कानावर हे जायला हवं ती ग्लासगोला आहे, आणि ज्या डोक्यावर मी आत्ता बसले आहे त्या डोक्याच्या मालकाने कुणाचं काही ऐकायचं नाही असं ठरवून टाकलंय. मग उरलात तुम्ही. बसा घटकाभर. फार वेळ घेणार नाही, कारण तो नाहीच आहे.

मी आत्ता लीड्समध्ये आहे, मूरटाउन भागातल्या एका घरात, डॉक्टर शशिधर यांच्या डोक्यावर. घर गरम ठेवणारा बॉयलर बिघडून बरेच दिवस झाले आणि त्यांनी दुरुस्तीला कुणाला बोलावलेलं नाही. बाहेर पाऊस आहे. तो इथे असतोच, त्याचं काही सांगण्यासारखं नाही.

माझा जन्म मात्र कोरड्या मुलखातला. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया नावाचा देश आहे, तिथल्या उंच पठारावरचा. झाडं जवळजवळ नाहीत, नुसतं पिवळं गवत आणि वारा. तिथे अल्पाका नावाचा प्राणी असतो, मेंढीपेक्षा जरा मोठा, लांब मानेचा, आणि आत्ताच कुणीतरी अपमान केलाय असा चेहरा करून फिरणारा. त्याची लोकर मी. फेलिपा नावाच्या बाईने मला विणलं, तेही बसून नव्हे, कळपामागे चालता चालता. तपकिरी अंग, तांबडी किनार, किनारीवर पांढऱ्या जनावरांची रांग, कानांवर येणारे दोन पदर आणि त्यांना हनुवटीखाली बांधायच्या नाड्या. माप बघायला फेलिपाने मला आधी स्वतःच्या डोक्यावर घालून पाहिलं. निरोगी डोकं कसं लागतं हे मला तेव्हा कळलं. ते ज्ञान पुढे माझ्या काही कामाला आलं नाही.

तयार झाल्यावर मी पोतोसीच्या बाजारात आले. पोतोसी हे स्पॅनिश लोकांनी वसवलेलं जुनं शहर, ढग खाली राहतात इतकं उंच. वसवलं ते चांदीसाठी. गावामागे तांबड्या मातीचा एक उभा डोंगर आहे, त्याच्या पोटात चांदी होती. ती काढायला माणसं आत गेली आणि पुष्कळशी आतच राहिली. हा डोंगर माणसं खातो, असं तिथले लोक आजही म्हणतात, आणि म्हणताना आवाजसुद्धा चढवत नाहीत. त्या चांदीच्या पैशावर उभी राहिलेली चर्चं, त्यांचे कोरीव दगडी दरवाजे, लाकडी सज्जे, चढाच्या अरुंद गल्ल्या, सगळं अजून जागच्या जागी आहे. कुठल्याही गल्लीत उभं राहा, टोकाला तो डोंगर दिसतो.

चौकाच्या कोपऱ्यावर एका दोरीला मी लटकत होते. येणारे प्रवासी बघणं हा माझा उद्योग. बसमधून उतरले की ही माणसं आधी फोटो काढतात, मग श्वास घेतात. चार पावलं चढली की चर्चच्या पायरीवर तोंड उघडं टाकून बसतात. मला डोक्यावर घालून, दात काढून, फोटो काढून पुन्हा दोरीला लावून जाणारे तर रोजचेच. मला त्या फोटोंचा कंटाळा आला होता. कुणीतरी खरोखर थंडी वाजते म्हणून न्यावं, एवढीच माझी इच्छा होती.

एका दुपारी ही दोघं आली. बरोबर इंग्रज प्रवाशांचा घोळका होता, पण ही दोघं मागे पडलेली. बाई बुटक्या, सलवार-कमीजवर जाडजूड कोट, पायांत पांढरे ट्रेनर्स, शालीने कान घट्ट बांधलेले. त्या सुहासिनीबाई. लग्नाआधी पुण्यात शाळेत इतिहास शिकवायच्या, लीड्सला आल्यावर रविवारची मराठी शाळा चालवायच्या. बरोबरचे उंच गृहस्थ त्यांचे यजमान, शशिधर. आयुष्यभर लीड्सच्या हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांचे डॉक्टर, आता रिटायर झालेले.

"अहो, थांबा जरा," बाई म्हणाल्या. "कान ठणकतायत माझे. वारं शिरलंय कानात, त्यानंच डोकं चढलंय."

"तरी पॅकिंग करताना सांगत होतो, कानटोपी घे. ड्रॉवरमध्ये तीन तीन ठेवून आलीस."

"त्या सगळ्या तुमच्या मंकी कॅप. त्या घालून मी साउथ अमेरिकेत फिरू?"

डॉक्टर हसले. त्यांनी मला दोरीवरून काढलं, आत बोटं घालून लोकर चाचपली, शाल सोडवून मला बाईंच्या डोक्यावर चढवलं आणि नाडीची गाठ हनुवटीखाली स्वतः बांधली. अगदी घट्ट. "आता नाही लागणार वारं," ते म्हणाले.

मराठी माणसांची कानांवर एवढी श्रद्धा का, हे मला अजून उमगलेलं नाही. सर्दी, ताप, डोकेदुखी, सगळं कानांतूनच आत शिरतं असं ही माणसं धरून चालतात. कान झाकले की अर्धं काम झालं. त्यांच्या लेखी मी टोपी नव्हते, औषध होते. मला भारी आनंद झाला. इतक्या दिवसांनी कुणाच्या तरी कामाला आले, असं वाटलं. मला मराठी कशी येते असं विचाराल, तर त्या दिवसापासून मी दुसरं काही ऐकलेलंच नाही.

आनंद फार टिकला नाही. खोबरेल तेलाच्या वासाचे ते पातळ केस, आणि त्यांच्याखाली ते डोकं. फेलिपाचं डोकं असं नव्हतं. इथे आत काहीतरी ठोकत होतं, कवटीला आतून ढुशा देत होतं. चार पावलांवर बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "डोकं फुटतंय हो."

"पित्त झालंय," डॉक्टर म्हणाले. "सकाळी बसमध्ये काही खाल्लं नाहीस. रिकाम्या पोटी ती काळी कॉफी प्यायलीस."

"हो, पित्तच," बाई म्हणाल्या.

हा शब्द मी पुढे इतका ऐकला की त्याचा इतिहास मला तोंडपाठ झाला. बाईंना पित्ताचा त्रास जुना. लग्न होऊन लीड्सला आल्या तेव्हापासून दर थोड्या दिवसांनी डोकं दुखायचं, मळमळायचं, उलटी होऊन पडलं की मोकळं वाटायचं. डॉक्टर हॉस्पिटलातून येत, बूट काढत, बायको अंधाऱ्या खोलीत पडलेली दिसली की दारातूनच म्हणत, "पित्त झालंय का? झोप जरा." हॉस्पिटलात कुठल्याही इंग्रज पेशंटला ते पित्त झालंय म्हणाले नसते. त्यांच्या पुस्तकांत हा आजारच नाही. तिथे डोकं दुखतंय म्हटलं की ते खुर्ची ओढून बसत आणि प्रश्न विचारत. घरी मात्र ते डॉक्टर नव्हते, नवरा होते, आणि नवऱ्याकडे एकच निदान होतं. ते आजवर कधी चुकलं नव्हतं.

उंचीवरच्या त्रासासाठी त्यांनी गोळ्या आणल्या होत्या. बाईंनी त्या सुक्रेला असतानाच बंद केल्या. सुक्रे म्हणजे पोतोसीच्या खालचं पांढऱ्या घरांचं शहर, ग्रुपचा मुक्काम तिथे होता. गोळ्या घेतल्या की सारखं लघवीला लागतं, आणि डोंगरातल्या रस्त्यावर बायकांनी जायचं कुठे? "राहू दे मग," असं डॉक्टर म्हणाले होते.

त्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत बाईंनी पर्समधून आमसुलं काढून तोंडात धरली आणि मग एक रुमाल सोडला. आत चांदीचा लहानसा करंडा होता, कुंकवाचा. त्यांच्या आईचा, तिला तिच्या आईकडून आलेला.

"काय म्हणतेय तुझी माहेरवाशीण?" डॉक्टरांनी विचारलं.

"थकलीय प्रवासानं. उद्या घर दिसलं की बरं वाटेल तिला."

हा त्या दोघांचा जुना विनोद होता. पोतोसीची चांदी समुद्रावरून साऱ्या जगात गेली, हिंदुस्थानातही आली, असं बाईंनी कधीतरी वर्गात शिकवलं होतं. तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतलं होतं की आपल्या करंड्यातली थोडी तरी चांदी त्या डोंगरातली असणार. पुरावा काही नव्हता, हे त्याच सांगत. पण करंड्याला एकदा माहेरी न्यायचं, पोतोसीच्या जुन्या टांकसाळीच्या अंगणात उघडून डोंगर दाखवायचा, आणि मग घरी परतायचं. लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याकडे त्यांनी दागिना मागितला नाही, ही सहल मागितली. मला ती बाई फार आवडली. चांदीच्या डबीला माहेर असतं असं वाटणारं माणूस मी पोतोसीत तरी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टांकसाळ बंद निघाली. आठवड्याची सुट्टी. ग्रुप दुपारी सुक्रेला उतरणार होता. बाईंना सकाळपासून दोनदा उलटी झाली होती आणि मी डोक्यावरून उतरले नव्हते. माझ्या आत ते ठोकणं आता थांबत नव्हतं. मी वितळणारी वस्तू असते तर वितळले असते.

"बरं वाटत नसेल तर उतरू या का ग्रुपबरोबर?" डॉक्टरांनी विचारलं. हे त्यांनी विचारलं होतं, मी साक्षीला आहे. पुढे ते स्वतःच हे विसरले.

"पित्तासाठी कोणी परत जातं का? उद्या उघडेल ना. एक दिवस राहू, मग टॅक्सीनं जाऊ." बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. "एवढी लांब आले मी."

टूर लीडर तरुण इंग्रज मुलगी होती. तिने बाईंकडे दोनदा पाहिलं आणि डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, या ठीक आहेत ना. डॉक्टर म्हणाले, "शी गेट्स धिस ऑल द टाइम. आय ॲम अ डॉक्टर." मुलीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. बस सुटली, दोन सीट रिकाम्या घेऊन वळणं घेत खाली गेली. औषध तेच होतं हो. खाली जाणं. तीन-चार तास खाली उतरायचं, बस. आणि ते औषध त्यांच्यासमोरून निघून गेलं, हात हलवत.

मला सगळं कळत होतं असं मी म्हणणार नाही. पण हे डोकं बरं नाही, एवढं मला कळत होतं. दिवसभर मी त्या कपाळाला चिकटून होते. वाऱ्याचा एक कण मी आत जाऊ दिला नाही. माझं काम मी चोख केलं आणि त्याचा कवडीचा उपयोग नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी टांकसाळ उघडली. बाई नवऱ्याच्या दंडाला धरून अंगणात आल्या. पावलं फाकून टाकत होत्या, वाटेत दगड नसताना अडखळत होत्या. "दोन दिवस पोटात काही नाही, अशक्तपणा आलाय," डॉक्टर म्हणाले. पण आवाज जरा कोरडा झाला होता. अंगणाच्या भिंतीच्या वरून तांबडा डोंगर दिसत होता. बाईंनी पर्स उघडली, चाचपली, रुमाल हातात आला. गाठ सुटेना. त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"अगं, करंडा. तुझी माहेरवाशीण."

"आपण पुण्याला कधी पोचणार? आई वाट बघत असेल."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून नवरा निघून गेलेला मी पाहिला. मागे डॉक्टर उरला, आणि त्याला यायला दोन दिवस उशीर झाला होता. त्यांनी बाईंना विचारलं, आपल्या मुलीचं नाव काय. बाई विचार करू लागल्या. त्यांनी बाईंना नाकाला बोट लावायला सांगितलं, बोट गालावर गेलं. फरशीच्या रेषेवरून चालायला सांगितलं. पहिल्याच पावलाला बाई त्यांच्या अंगावर कोसळल्या.

मग टॅक्सी, हॉटेलातलं ऑक्सिजनचं नळकांडं, आणि उतार. डॉक्टर मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. म्हणजे मलाही. एकदा बाई म्हणाल्या, "कान झाकलेत ना?" डॉक्टर म्हणाले, "हो." ते शेवटचं बोलणं. खाली खाली झाडं दिसू लागली, हवा दाट झाली. सुक्रेची पांढरी घरं दिसायच्या आधी माझ्या आतलं ठोकणं थांबलं. दोन दिवस मी तेच मागत होते. असं नव्हतं मागितलं.

उंचीवर विरळ हवेमुळे मेंदूला सूज आली होती. लीड्सला परतल्यावर हे मी एवढ्या वेळा ऐकलं की मीही सांगू शकेन. मी परत आले एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, ट्रेनर्स, शाल आणि करंड्याबरोबर. करंडा देवघरात गेला. मला त्यांनी हॉलमधल्या खुंटीवर अडकवलं, बाईंच्या कोटाशेजारी.

घर भरून गेलं. महाराष्ट्र मंडळातली माणसं डबे घेऊन आली, आमटी, भात, मुगाची खिचडी. इथे कुणाचं काही झालं की आधी डबे येतात, मग शब्द. डॉक्टर प्रत्येकाला बसवत आणि केस सांगत. हो, केस. हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर सांगतात तशी. "सिक्स्टी-सिक्स इयर ओल्ड फीमेल, प्रेझेंटेड विथ सिव्हिअर हेडेक ॲट फोर थाउजंड मीटर्स." मग उलट्या, मग चालताना तोल जाणं, एकेक लक्षण ओळीने. शेवटी म्हणत, "आणि अटेंडिंग फिजिशियन म्हणाला, पित्त झालंय."

लोक खाली बघत. कुणी म्हणे, नशीब. कुणी म्हणे, तुम्ही तरी काय करणार. त्यांचे जुने मित्र मिलिंद, तेही डॉक्टर, त्यांचा हात धरून म्हणाले, "शशी, अरे, कोणीही हेच म्हणालं असतं."

"कोणीही नाही," डॉक्टर म्हणाले. "रस्त्यावरच्या अनोळखी बाईला मी हे म्हणालो नसतो. तिला तपासलं असतं."

मिलिंदनी धरलेला हात सोडला. ते पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, पुन्हा तीच केस ऐकली. मग यायचे थांबले. सगळेच हळूहळू थांबले. एकच गोष्ट कुणी किती वेळा ऐकणार? डॉक्टरांना सांत्वन नको होतं. त्यांना कुणीतरी एकाने म्हणायला हवं होतं की हो, तुझ्यामुळे गेली. एवढं मोठं मंडळ, पण तेवढं म्हणायची हिंमत कुणाला झाली नाही.

एका व्यक्तीने मात्र ती केस कधीच ऐकली नाही. त्यांची मुलगी वरदा. ग्लासगोला कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, काम करते, इथेच जन्मली, इथेच वाढली. अंत्यसंस्कारानंतर किचनमध्ये डॉक्टर तिला सांगू लागले, "सिक्स्टी-सिक्स इयर ओल्ड..." तिने तळहात पुढे केला.

"बाबा, प्लीज. मला डीटेल्स नको. आय कान्ट. आई गेली, दॅट्स इट."

"वरदा, तुला माहीत असायला हवं."

"नको. मला आई जशी होती तशीच पाहिजे. तुमचा मेडिकल गोष्ट नको."

मी तिला दोष देत नाही. जाताना ती हॉलमध्ये थांबली, मला खुंटीवरून काढून तोंडाशी धरलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. "आईचा वास येते अजून," ती म्हणाली. वडिलांनी तिचं मराठी सुधारलं नाही. ते काम बाईंचं होतं. मला धुवायला न्यायचं तिच्या मनात आलं होतं, पण तिने मला परत खुंटीवर ठेवलं. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी फोन करते. एकही दिवस चुकवत नाही. बाबा जेवलात का, बाबा बाहेर गेलात का, बाबा ग्लासगोला या ना राहायला. ते हो म्हणतात आणि जात नाहीत.

या हिवाळ्यात बॉयलर बंद पडला आणि डॉक्टरांनी मला डोक्यावर घातलं. पहिल्या दिवशी आरशासमोर उभे राहून त्यांनी नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मग मी उतरलेच नाही. खोबरेलचा वास होता तो हळूहळू गेला. आता माझ्यात एका म्हाताऱ्याच्या न धुतलेल्या केसांचा वास आहे.

आणि मग ती मागची पायरी. डॉक्टर कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले, ओली पानं होती, पाय सटकला. डोकं भिंतीच्या कडेवर आपटलं. मध्ये मी होते. मी जाड, मऊ, चांगल्या लोकरीची. ना खोक पडली, ना टेंगूळ दिसलं. शेजारणीने कुंपणावरून विचारलं तर हे म्हणाले, "नो हार्म डन." जखम झाली असती तर कुणीतरी हॉस्पिटलात नेलं असतं. मी वाचवलं आणि वाचवून घात केला. दोनदा एकाच घराच्या डोक्यांवर बसले आणि दोन्ही वेळा माझा काडीचा उपयोग झाला नाही.

थोड्या आठवड्यांनी ते सुरू झालं. सकाळी उठल्यावर डोकं जड. मग मळमळ. मग चहाचा कप टेबलाऐवजी टेबलाच्या बाजूला. आणि आत तेच, कवटीला आतून ढुशा देणारं. मी ओळखलं. मी कसं नाही ओळखणार?

त्यांनीही ओळखलं. परवा त्यांनी हॉलमधल्या कार्पेटच्या कडेवरून चालून पाहिलं, डावा पाय दोनदा कडेबाहेर गेला. आरशात बघून नाकाला बोट लावून पाहिलं. मग देवघरापुढच्या खुर्चीत बसले. तिथे बाईंचा फोटो आहे, शेजारी करंडा. ते फोटोला केस सांगू लागले, त्याच आवाजात. "सेव्हन्टी-टू इयर ओल्ड मेल. हिस्टरी ऑफ फॉल. ऑन ब्लड थिनर्स. प्रोग्रेसिव्ह हेडेक, अनस्टेडी गेट." रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारा म्हातारा माणूस पडला की कवटीच्या आत थोडं थोडं रक्त साकळतं, हे त्यांच्या पेशंटांच्या बाबतीत नेहमीचंच. हे ते फोटोला सांगत होते. पेशंट लवकर आला तर लहानसं भोक पाडून ते काढता येतं, पुष्कळसे चालत घरी जातात. नातेवाइकांना ते हे खुर्ची ओढून समजावून सांगत असत.

मग ते थांबले. "डायग्नोसिस," ते म्हणाले, आणि फोटोकडे बघून हसले. "पित्त."

मी त्यांच्या कानांवर होते. आणखी काय करणार होते?

काल संध्याकाळी फोन वाजला.

"बाबा, तुमचा आवाज असा स्लो का आहे? झोपलेले होतात का?"

"नाही गं. जरा डोकं दुखतंय."

"उलटी वगैरे?"

फोन कानाशी, म्हणजे माझ्या पदराशी. त्यांनी श्वास धरून ठेवला होता. मंडळातल्या कुणाचाही फोन असता, मिलिंदचा असता, तर पुढचा शब्द ऐकताच त्याने गाडी काढली असती. पण ते आता फोन करत नाहीत. आणि जिचा फोन येतो तिने ती केस ऐकलेली नाही.

"झाली एकदा," ते म्हणाले. "पित्त झालंय."

"ओह," वरदा म्हणाली, आणि तिच्या आवाजातली काळजी उतरलेली मला ऐकू आली. "आईला पण सारखी व्हायची ना. घरात आमसूल आहे का? तोंडात ठेवा थोडा. आणि झोपा जरा. मी वीकेंडला येते, ओके? सॅटर्डेची ट्रेन बुक केलीय."

"हो," ते म्हणाले. "झोपतो."

त्यांनी श्वास सोडला. तो सुटकेचा होता की निराशेचा, हे मला खरंच सांगता येणार नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी माझी गाठ चाचपली, सोडली आणि पुन्हा बांधली. अगदी घट्ट, तिची बांधली होती तशी.

त्यांना वाटतंय, हिशोब चुकता होतोय. तसं काही होत नाहीये. शनिवारी ती मुलगी दार उघडेल, आणि मग आयुष्यभर कुणालातरी बसवून सांगत राहील की ते म्हणाले पित्त झालंय आणि मी म्हणाले झोपा जरा. वडिलांचं ओझं तिच्या डोक्यावर चढेल, आणि ते उतरवायला खुंटीसुद्धा नसेल. हे त्यांच्या लक्षात येत नाही. की येतं, आणि आता त्या डोक्याला पेलवत नाही?

आज सकाळी ते उठले नाहीत. श्वास चालू आहे, मोठा आणि सावकाश. करंडा त्यांच्या मुठीत आहे. बाईंचा तो अंगणात उघडायचा राहिला, यांनीही उघडलेला नाही.

तुमच्यापैकी कुणी ग्लासगोला असाल, कौन्सिलच्या ऑफिसात वरदा नावाची मुलगी दिसली, तर तिला एवढंच सांगा. शनिवारची वाट बघू नकोस. आत्ता अँब्युलन्सला फोन कर. त्यांनी दार उघडलं नाही तर तोडायला सांग. बाबांच्या डोक्यावरची टोपी काढ, फेकून दे कुठेही, मला चालेल. आणि त्यांना विचार, तुमच्या मुलीचं नाव काय.